सिस्टर, गुलाब आणि माळावरची हरणं

खोली भाड्याने देण्याआधी सिस्टरांनी माझं ब्लडप्रेशर तपासलं होतं.

मी तेव्हा येवल्याच्या पुढे, राजापूरच्या बाजूच्या एका गावात, विजेच्या सबस्टेशनवर ज्युनियर इंजिनियर म्हणून नवीनच रुजू झालो होतो. गावात भाड्याने मिळण्यासारखी धड खोली एकच, सिस्टरांच्या घरावरची. बॅग घेऊन दारात उभा राहिलो, तर बाईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. खुर्चीत बसवलं, बाही वर करायला लावली, दंडाला पट्टा गुंडाळला आणि फसफस पंप मारायला सुरुवात केली.

"या वयाच्या मानाने थोडं वर आहे," पट्टा सोडत त्या म्हणाल्या. "लोणचं कमी खा. खोली दिली."

मग त्यांनी विचारलं, "नोकरी कुठं?"

"विजेच्या खात्यात."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अगं बाई! मग तुम्ही फार कामाचे. बॅग राहू दे तिथेच. आधी बाग बघून घ्या."

त्या दिवसापासून मी 'इंजिनियर' झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. त्यांना तरी कोण नावाने हाक मारत होतं? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्याच हातांवर जन्मली होती. म्हातारे, पोरं, सरपंच, पोस्टमन, सगळ्यांच्या त्या 'सिस्टर'. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, "बघायला यायचे तेव्हा नेमकी माझी नाईट असायची."

घर गावाच्या अगदी कडेला होतं. समोर गल्ली, मागे बाग, आणि बागेच्या मागे थेट माळ. तो माळ क्षितिजापर्यंत जायचा आणि त्यावर हरणांचे कळप हिंडायचे. काळवीट म्हणतात ते. नर काळाभोर, पिळाच्या शिंगांचा, आणि माद्या वाळक्या गवताच्या रंगाच्या. आमच्या भागातली हरणं बघायला रविवारी नाशिकहून लोक येतात, गळ्यात तोफेएवढे कॅमेरे अडकवून. सिस्टर त्यांना कुंपणाजवळून हाक मारायच्या आणि विचारायच्या, "बघून झालं? आता किती घेऊन जाताय?"

कारण ही हरणं त्यांची बाग खात होती.

बाग कसली, अंगणापेक्षा थोडी मोठी जागा. पण तिच्यात मोगरा, जास्वंद, शेवंती, वांगी, मिरच्या, एक लिंबाचं झाड आणि मधोमध देशी गुलाबाची रांग. जुन्या सलाइनच्या बाटल्या उलट्या टांगून एकेका रोपाला थेंबथेंब पाणी दिलेलं. सकाळी सहाच्या सुमाराला सिस्टर हातात टॉर्च घेऊन फेरी काढायच्या. पान उलटून बघायच्या, खोडाला हात लावायच्या, आणि प्रत्येकाशी दोन शब्द बोलायच्या. मोगऱ्याला म्हणायच्या, "काय झालं रे? काल तर बरा होतास." जास्वंदीला म्हणायच्या, "नाटकं करू नकोस." आणि मग गुलाबापाशी पोहोचल्या की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज निघायचा:

"मेल्यांनो! परत खाल्लंत!"

हरीण गुलाब कसा खातं हे मी तिथेच शिकलो. फूल खात नाही, फूल फुलेपर्यंत थांबायलाच ते तयार नसतं. कोवळा शेंडा आणि कळी, एवढंच. जणू देठं शिल्लक ठेवून कुणी तरी मेथी निवडून नेली आहे. उन्हाळ्यात माळावरचं गवत संपलं की रोज पहाटे हा प्रकार.

शेजारच्या आबांचं म्हणणं अगदी साधं होतं. आबा म्हणजे सत्तरीकडे झुकलेला शेतकरी, त्यांचा हरभरा दरवर्षी हरणंच आधी काढायची. ते भिंतीवरून म्हणायचे, "सिस्टर, कन्हेर लावा, रुई लावा. कुणी तोंड लावत नाय. कशाला जिवाला तरास करून घेता?"

"आबा, कण्हेर आणि रुई लावायची तर बाग कशाला करू? आहे तो माळ काय वाईट आहे?"

"हरीण हाय ते. त्याला काय कळतंय?"

"सगळं कळतं. मिरच्यांना हात लावत नाही, वांग्याला लावत नाही, नेमका गुलाब कळतो. दवाखान्यातसुद्धा असे नातेवाईक बघितलेत मी. पेशंटचा डबा उघडून त्यातली भाजी तेवढी खायचे."

सिस्टरांनी हरणांवर जे उपाय केले त्यांतले निम्मे मी डोळ्यांनी बघितले आणि उरलेले नाकाने सोसले. कुठे तरी त्यांनी वाचलं होतं की माणसाच्या केसांच्या वासाने हरणं येत नाहीत. लगेच गावच्या सलूनमध्ये निरोप गेला. दर आठवड्याला पोतंभर केस यायचे, त्यांच्या जुन्या मोज्यांत भरून झाडाझाडाला टांगले जायचे. गावातली माणसं भिंतीवरून वाकून विचारायची, "सिस्टर, माझे कुठल्या झाडाला?" आबांच्या बायकोने तर शपथेवर सांगितलं की लिंबाला टांगलेल्या मोज्यातले पांढरे केस आबांचेच आहेत, आणि तेव्हापासून लिंबं जास्त आंबट लागतात.

केसांनी काम झालं नाही म्हणून साबण आला. दवाखान्यात असतो तो लाल, झोंबऱ्या वासाचा. वड्या दोऱ्याला बांधून लटकावल्या. हरणं चार दिवस आली नाहीत, पण वड्या कावळ्यांनी पळवल्या. सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या घरट्यात मला त्यांतली एक सापडली. मी ती सिस्टरांना आणून दिली, तर त्यांनी ती धुऊन परत टांगली.

मग अंडी. नासलेली अंडी पाण्यात कालवून फवारायची. हा उपाय मात्र लागू पडला. हरणं फिरकली नाहीत. दूधवाला, पोस्टमन आणि माझा साहेबही फिरकला नाही. मी आठवडाभर सबस्टेशनवरच झोपलो. शेवटी आबांनी भिंतीवरून हात जोडले. "सिस्टर, हरणं परवडली. आमच्या घरात पोरीला बघायला पाव्हणे येनार हायेत."

सगळ्यांत मोठा गोंधळ साड्यांनी केला. आमच्याकडे शेतकरी पिकाभोवती रंगीत जुन्या साड्या बांधतात, वाऱ्याने हलल्या की जनावर बिचकतं. सिस्टरांकडे रंगीत साड्या बेताच्याच. त्यांनी नोकरीतल्या पांढऱ्या साड्या काढल्या, त्यांना कडक इस्त्री केली (इस्त्री कशासाठी, हे मी विचारलं नाही) आणि बागेभोवती ताणून बांधल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरच्या दोन बायका लेकरं काखेत घेऊन दारात. "सिस्टर, डोस हाय ना आज? पडदं लावलेलं दिसलं लांबून."

डोस नव्हता. पण सिस्टरांनी त्यांना परत पाठवलं नाही. दोन्ही लेकरांना ओसरीवर घेतलं, डोळे ओढून बघितले, नखं कापली, एकीला नाचणीचं सत्त्व कसं करायचं ते सांगितलं आणि दुसरीला पोराच्या डोळ्यांत काजळ घातल्याबद्दल झाडलं. तोवर मागच्या बाजूला एक मादी साडीच्या निऱ्या नाकाने बाजूला सारून आत आली आणि शेवंती खाऊन गेली.

मी सिस्टरांच्या 'फार कामाचा' का होतो, हे मला थोडं उशिरा समजलं.

"इंजिनियर," एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "तुमच्या तारेतला थोडा करंट मागच्या कुंपणाला सोडता येईल का?"

मला ठसकाच लागला. "सिस्टर, गुन्हा आहे तो! जनावर मरेल, माणूस मरेल, आणि माझी नोकरी पण मरेल."

"मारायचं कोण म्हणतंय? थोडी समज द्यायची."

समज देण्यासाठी बाजारात झटका मशीन मिळतं. बॅटरीवर चालतं, तारेला हात लागला की सणसणीत फटका बसतो, पण जीव जात नाही. सिस्टरांनी ते येवल्याहून मागवलं. मी रविवारची सुट्टी घालवून तारा ओढल्या, मशीन जोडलं आणि बटणावर हात ठेवला.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "टेस्ट डोस दिल्याशिवाय कुठलंही नवीन औषध चालू करायचं नसतं."

"कुणाला देणार टेस्ट डोस?"

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि मी नको नको म्हणेपर्यंत बोटांची मागची बाजू तारेला टेकवली. पुढच्या क्षणी त्या गवती चहाच्या झुडपात बसलेल्या होत्या. आबा भिंतीवरून ओरडले, "मेल्या का हो?" मी धावत पाणी आणलं. सिस्टरांनी पाणी बाजूला ठेवलं. मग स्वतःचीच नाडी बघितली आणि म्हणाल्या, "हे परत करून या."

"का? चांगलं चालतंय की! तुम्हाला एवढं बसलं, मग हरणाला तर..."

"मी हात लावला," त्या म्हणाल्या. "हरीण आधी हुंगतं. त्याच्या नाकाला लागेल ते."

मशीन परत गेलं. दुकानदाराने काय खराबी आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, काही नाही, चांगलं आहे, म्हणूनच परत आणलंय.

सिस्टरांचा धाकटा भाऊ नाशिकला असायचा, पाथर्डी फाट्याच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत. माणूस सरळ, हळू बोलणारा, बहिणीवर मनापासून माया करणारा आणि तिला तितकाच घाबरणारा. त्या सोसायटीचा तो चेअरमन होता आणि हे तो पहिल्याच भेटीत सांगायचा. त्या हिवाळ्यात तो आला तेव्हा बहिणीच्या टेबलावर ठेवायला त्याने प्लॅस्टिकचे गुलाब आणले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण सिस्टरांनी तो गुच्छ दोन बोटांत धरून, डस्टबिनकडे नेतात तसा उचलून आतल्या खोलीत ठेवला, तेव्हाच मला कळलं की आज काही तरी होणार.

"ताई, किती दिवस एकटी राहणार तू इथे?" भावाने जेवण झाल्यावर विषय काढला. "गुडघे दुखतात तुझे. रात्री काही झालं तर? आमच्याकडे लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, खाली बाग आहे. माळी सुद्धा आहे."

"माळी आहे तर मग माझं काय काम?"

"काम कशाला पाहिजे? आराम कर."

"आराम पेशंट करतात."

भाऊ सहसा इथे थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही. म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. दरवर्षी म्हणतेस, जयंतीला विहारात घरच्या गुलाबांचा हार घालीन. दरवर्षी हरणं खातात आणि तू येवल्याच्या बाजारातून हार आणतेस. तुझ्याने आता होत नाही, एवढं मान्य कर."

सिस्टरांनी ताटं उचलून मोरीत ठेवली. विहारातल्या तसबिरीला घरच्या फुलांचा हार, ही त्यांची साधी इच्छा होती. त्यांच्या आईने मजुरीला जाता जाता घराच्या दारात एक गुलाब जगवला होता आणि त्याची फुलं ती तसबिरीला वाहायची, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. एवढंच, पुढे काही नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "या जयंतीला घरचा हार पडला नाही, तर बॅग भरून तुझ्याकडे येते. शब्द देते."

भाऊ खूश होऊन गेला. मी मात्र चरकलो. सिस्टरांनी शब्द दिला म्हणजे विषय संपला, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पोराला टोचून घ्यायला आणशील तर रडू देणार नाही, असा शब्द त्या आयांना द्यायच्या आणि पोरं खरोखरच रडायची नाहीत. घाबरूनही असेल.

मग मात्र त्यांनी खेळ बंद केले आणि जाळी आणली. लोखंडी, चौकडीची, पुरुषभर उंच. आबांनी स्वतः खांब पुरले. हरीण उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतं, म्हणून जाळीची खालची कड मातीत गाडली. गल्लीच्या बाजूला कडीचं फाटक बसवलं आणि त्यावर सिस्टरांच्या अक्षरात पाटी लागली: 'येताना लावा. जाताना लावा. मधेही बघा.' सबंध फेब्रुवारी-मार्च हरणं पहाटे यायची, जाळीला नाक लावून उभी राहायची आणि जायची. सिस्टर आतून त्यांना म्हणायच्या, "काय? कसं वाटतंय?"

एप्रिल उजाडला आणि गुलाबाच्या रांगेला कळ्या धरल्या. गावात ही बातमी झाली. बायका विहिरीवर जाताना वाट वाकडी करून बघून जायच्या. आबा रोज सकाळी भिंतीवरून विचारायचे, "कशी हाय तब्येत?" ती सिस्टरांची नसून गुलाबांची असायची. जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी तर सगळी रांग उमलायला आलेल्या कळ्यांनी लाल-गुलाबी झाली होती. सकाळी उठून फुलं तोडायची आणि हार ओवायचा, एवढंच बाकी होतं. सुई-दोरा सुद्धा टेबलावर काढून ठेवला होता.

गावात निळ्या पताका लागल्या होत्या, विहारासमोर मांडव पडला होता. ऊन उतरता उतरता भावाची गाडी आली. त्याने डिकीतून एक मोठी, चाकांची, कोरी करकरीत रिकामी बॅग काढली. बहिणीसाठी. ती ओढत तो फाटकातून आत आला आणि बागेकडे बघून जागीच थांबला. "ताई," तो म्हणाला, "मानलं तुला." त्याच्या आवाजात कौतुक होतं. पण फाटक त्याच्या मागे उघडंच राहिलं होतं.

नेमक्या त्याच वेळेला मांडवातल्या पोरांनी स्पीकर चालू केला. धाडकन असा काही आवाज झाला की माझ्या खोलीच्या काचा हलल्या. गावाच्या कडेला चरणारी हरणं उधळली. त्यांतली एक मादी कळपातून फुटून उलटी गावाकडेच आली, आणि तिच्यामागे गल्लीतली सगळी कुत्री. मी वरच्या गच्चीवरून बघत होतो. ती गल्लीतून बाणासारखी आली, समोर एकच मोकळी जागा दिसली आणि ती आमच्या फाटकातून आत घुसली.

सिस्टर नळापाशी होत्या. त्यांनी बादली टाकली, धावत जाऊन कुत्र्यांच्या नाकासमोर फाटक आपटलं आणि कडी घातली. मग वळून बघितलं. तालुक्यातली सगळ्यांत मजबूत जाळी, आणि हरीण आतल्या बाजूला.

मादी एकदा जाळीवर आदळली. परत आदळली. मग लिंबाखाली जाऊन उभी राहिली, तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. तोपर्यंत अर्धं गाव फाटकाशी जमलं. कुणी शिट्टी मारली, कुणी मोबाइल वर धरला, कुणी म्हणालं धरा, कुणी म्हणालं हाकला.

आणि मग सिस्टर बोलल्या. मी त्यांना दीड वर्ष ओळखत होतो, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. त्या कुजबुजल्या.

"एक जण जरी बोललं तर ती मरेल. घाबरूनच मरेल. मागे व्हा."

एवढं हळू बोलणाऱ्या सिस्टर गावानेही पहिल्यांदाच बघितल्या असाव्यात. माणसं एकेक करून मागे सरली आणि चपला हातात घेऊन आजूबाजूच्या गच्च्यांवर चढली. मांडवातला स्पीकर बंद झाला. कुणी तरी कुत्र्यांना भाकरी दाखवत लांब नेलं. मी वनरक्षकाला फोन लावला. तो लांबच्या बीटवर गस्तीला होता. म्हणाला, "हात लावू नका. गर्दी करू नका. माळाच्या बाजूने वाट मोकळी करा आणि गप्प बसा, ती आपली जाईल."

माळाच्या बाजूने वाट नव्हती. जाळी होती. सिस्टरांनी आबांकडे बघितलं आणि दोन बोटांनी कात्रीची खूण केली. आबांनी आपणच पुरलेल्या खांबांकडे बघितलं, सुस्कारा टाकला, पक्कड घेतली आणि बाहेरून वळसा घालून माळावर गेले. कट, कट, एकेक तार. माणूस जाईल एवढी जाळी त्यांनी कापून बाजूला दुमडली आणि पोटावर सरपटत मागे झाले.

आता सगळे वाट बघत बसलो. सिस्टर ओसरीच्या पायरीवर, मी आणि जिन्याने वर आलेला भाऊ गच्चीवर, गाव आपापल्या गच्चीवर. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हरणाचे श्वास मोजत होत्या. हळूहळू त्या बरगड्या शांत झाल्या. मादीने कान हलवले. नळाखाली ठेवलेल्या पाण्याच्या टोपापर्यंत आली, खूप वेळ पाणी प्यायली. मग मान वर केली आणि तिला गुलाब दिसले.

पहिली कळी गेली तेव्हा सगळ्या गच्च्यांवरून एकदमच श्वास ओढल्याचा आवाज आला.

ती घाईने खात नव्हती. एक कळी, मग नीट चावणं, मग दुसरी. भाऊ माझ्या शेजारी तळमळत होता. खरं तर पैज तोच जिंकत होता. पण तो माझा दंड धरून पुटपुटत होता, "अहो, हाकला ना कुणी तरी! हार जातोय तिचा!" शेवटी न राहवून त्याने टाळी वाजवायला हात उचलले. खालून सिस्टरांनी वर बघितलं. नुसतं बघितलं. त्याचे हात तसेच हवेत राहिले.

"ताई, हार!" तो घशातल्या घशात म्हणाला.

"खाऊ दे," सिस्टर तितक्याच हळू म्हणाल्या. "खातेय म्हणजे सुधारतेय."

सगळी रांग संपली. मग मादीने एकदा आजूबाजूला बघितलं, शेवंतीचा एक शेंडा जाता जाता तोंडात घेतला, कापलेल्या जाळीपाशी थांबून हुंगलं आणि बाहेर पडली. माळावर पोहोचताच तिने अशी उंच उडी घेतली की गच्च्यांवर टाळ्या पडल्या. आबा माळावर पालथे पडले होते ते उठून उभे राहिले आणि अंगावरची धूळ झटकत म्हणाले, "गेली एकदाची. भरल्या पोटी गेली."

सिस्टर उठल्या. गुलाबाच्या रांगेवरून टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. एकही कळी उरलेली नव्हती. त्यांनी टेबलावरचा सुई-दोरा उचलून डब्यात ठेवला.

भाऊ खाली येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. "ताई, फाटक माझ्यामुळे उघडं राहिलं. ही पैज धरायची नाही."

"पेशंट आला की आधी पेशंटकडे बघायचं," त्या म्हणाल्या. "कुणामुळे आला ते पोलीस बघतात. बॅग चांगली आहे. चाकं आहेत."

दुसऱ्या दिवशी विहारात बाजारचा हार पडला. कुणी टोमणा मारला नाही. उलट बायकांनी सिस्टरांना पुढे बसवलं. आणि संध्याकाळी घराची किल्ली आणि पाणी घालायच्या सूचना मला देऊन त्या भावाच्या गाडीत बसून नाशिकला गेल्या.

मे महिन्यात कामासाठी मला नाशिकला जावं लागलं तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. सोसायटीत शिरतानाच मला कळलं की सिस्टर रुळल्या आहेत. वॉचमन बाही वर करून बसला होता. त्याचं ब्लडप्रेशर घेऊन झालं होतं आणि पुढे तीन आजोबा रांगेत होते. लिफ्टच्या दाराशी ओळखीच्या अक्षरातली पाटी होती: 'पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट का पाहिजे, याचा विचार करा.' माळी मला बघून झाडामागे गेला. त्याला वाटलं मी सिस्टरांनी पाठवलेला माणूस आहे.

सिस्टर मात्र वर गॅलरीत एकट्या बसल्या होत्या. खाली हिरवंगार लॉन होतं, कातरलेली झुडपं होती, सगळं एका मापाचं.

"बाग चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगलीच आहे," त्या म्हणाल्या. "आल्यापासून बघतेय. एक पान कुणी खाल्लं नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सकाळी उठून करायचं काय, इंजिनियर? ओरडायचं कुणावर?"

त्या थोड्या वाळल्यासारख्या वाटल्या.

भाऊ मला पार्किंगपर्यंत सोडायला आला आणि दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून हळूच म्हणाला, "साहेब, एक उपकार करा. गावाकडून कुणाला तरी तिला बोलवायला सांगा. मी जा म्हणालो तर तिला वाईट वाटेल. मी तिला आयुष्यभर सांभाळायला तयार आहे हो, पण पुढच्या महिन्यात सोसायटीची मीटिंग आहे. तिने सगळ्यांची साखर बंद केलीय. लोक मला चेअरमन ठेवणार नाहीत."

मी आबांना फोन लावला. आबांना काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी सिस्टरांना फोन करून सांगितलं, "सिस्टर, त्या भोकातून कळपच्या कळप येतोय आता. लय माजलेत. इंजिनियरला कुणी मोजत नाय." यातलं शेवटचं वाक्य तंतोतंत खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. त्यात चाकांची बॅग होती, कुंड्या होत्या, आणि पुढे सिस्टर. टेम्पो सोसायटीने स्वतःहून करून दिला होता. भाऊ मागून गाडीने आला, ताईच्या पाया पडला, आणि चहा नको म्हणत घाईघाईने निघाला. यावेळी फाटक लावायला मात्र विसरला नाही.

आबा भिंतीवर कोपरं टेकून उभेच होते. "काय सिस्टर," त्यांनी मिशीत हसत विचारलं, "शब्द मोडला म्हनायचा का?"

सिस्टरांनी कुंडी खाली ठेवली. "नीट आठवा आबा. यायचा शब्द दिला होता. राहायचा कुठं दिला होता?"

मग त्या मागे बागेत गेल्या. हरणांनी गुलाबाला बुडाशी आणलं होतं, पण खोडांवर लालसर नवे फुटवे दिसत होते. त्या वाकून बघत राहिल्या. मी कापलेल्या जाळीपाशी उभा राहून विचारलं, "आबांना सांगून हे शिवून घेऊ का? आजच होईल."

सिस्टरांनी त्या भोकातून पलीकडे बघितलं. उन्हाने माळ पांढरा पडला होता. लांब कुठे तरी कळप उभा होता, सावली नसलेल्या जागी.

"पाऊस पडून जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आत्ता आहे काय त्यांना तिकडे खायला?"

आणि मला पाण्याची बादली भरून त्या टोपात ओतायला सांगून त्या चहा ठेवायला आत गेल्या.